अंतर, अवधी आणि कर्तव्य

पृथ्वीच्या पाठीवर कोणतीही दोन स्थळे परस्परांपासून सुमारे २०,००० किलोमीटरांहून अधिक दूर असू शकत नाहीत. लंडन आणि सिडनी यांमधील सरळ आकाशमार्ग सुमारे १७,००० किलोमीटरांचा आहे. म्हणजे मनुष्याला मनुष्यापासून जितके दूर जाता येईल, त्याच्या मर्यादेजवळच ही नगरे आहेत. हे अंतर तसूभरही घटलेले नाही. घटला तो केवळ प्रवासाचा अवधी. बंदिवानांना घेऊन १७८७ च्या मे महिन्यात पोर्ट्समथहून निघालेल्या अकरा जहाजांना ऑस्ट्रेलियाचा किनारा गाठावयास आठ महिने लागले. १९१९ साली रॉस व कीथ स्मिथ या बंधूंनी इंग्लंडहून डार्विनपर्यंतचे उड्डाण अठ्ठावीस दिवसांच्या आत केले. १९४७ साली सिडनी-लंडन विमानसेवा सुरू झाली, तेव्हा त्या प्रवासास चार दिवस लागत. आणि २०१८ साली पर्थहून निघालेले विमान वाटेत कोठेही न थांबता सुमारे सतरा तासांत लंडनला उतरले.

विज्ञानाच्या या विजयाचा आनंद कोणालाही व्हावा. परंतु त्यातून एक नैतिक प्रश्न उद्भवतो: वाट सुलभ झाली म्हणून मनुष्याचे कर्तव्य वाढते काय?

आठ महिन्यांच्या वाटेपलीकडे गेलेला मुलगा आईच्या अंतकाळी जवळ नसला, तर त्यास कोणी दोष देत नसे. त्याच्या वतीने समुद्रच उत्तर देई. जे अशक्य आहे ते कर्तव्य होऊ शकत नाही, हे कांटच्या नीतिविचारातील तत्त्व अशा मुलाचा कैवार घेते. आता कोणी म्हणेल, सामर्थ्य आले म्हणजे कर्तव्यही आलेच, असे कोठे आहे? हा आक्षेप खरा आहे. केवळ जाता येते एवढ्यावरून जाणे बंधनकारक ठरत नाही. पण पुत्राचे कर्तव्य विमानाने निर्माण केलेले नाही. ते आधीपासूनच होते, आणि समुद्र त्याला झाकून उभा होता.

शिवाय सतरा तासांचा हिशेब सर्वांना सारखा लागू नाही. ज्याला भाडे परवडत नाही वा रजा मिळत नाही, त्याच्यापुरता तो समुद्र आजही पूर्वीइतकाच रुंद आहे. मार्च २०२० मध्ये साथीमुळे ऑस्ट्रेलियाने आपल्या सीमा बंद केल्या, तेव्हा तर पैसा असूनही अनेकांना स्वकीयांकडे जाता आले नाही. अशांची अनुपस्थिती आणि मार्ग मोकळा असता न येणाऱ्याची अनुपस्थिती बाहेरून सारखीच दिसते. म्हणून दुसऱ्याचा न्याय करताना आपण घाई करू नये.

स्वतःच्या बाबतीत मात्र ही सवलत घेता येत नाही. नजरेआड सृष्टी हा मनाचा धर्म आहे, आणि तो अंतरावर अवलंबून नाही. शेजारच्या गल्लीतही तो तितकाच चालतो. विमानाने माणसे जवळ आणली असे म्हणण्यापेक्षा, पूर्वी समुद्र जे उत्तर देत असे ते आता ज्याचे त्याने द्यावयाचे आहे, असे म्हणणे अधिक यथार्थ होईल.