न पाहिलेल्या गल्ल्यांची वर्गणी

सोलापुरी चादरीवरचा मोर आधी चौकटींच्या कागदावर काढतात. एकेक चौकोन भरून तो पुरा झाला, की ओळीमागून ओळ वाचत पुठ्ठ्याच्या कार्डांवर भोकं पाडायची, कार्डं क्रमाने ओवायची आणि त्यांची माळ मागावरच्या जकार्ड यंत्राला चढवायची. भोक असेल तिथला उभा धागा वर उचलला जातो, नसेल तिथला खाली राहतो, आणि मधून धोटा पळतो. हल्ली यातलं पुष्कळसं काम संगणक करतो, पण हिशेब तोच आहे. पहिली चादर विकली जाण्याआधी नक्षी काढणाऱ्याची मजुरी, कार्डांचं काम, ताण्याचं, म्हणजे उभ्या धाग्यांचं, सूत हा सगळा खर्च होऊन गेलेला असतो. गिऱ्हाईक त्याची किंमत शेवटी मोजतं, पण तोवर ते पैसे कुणीतरी घालून ठेवावे लागतात.

गेले काही महिने वाटा फुटणाऱ्या कथांचा विचार करताना मला सारखा हा जकार्ड आठवतो. परस्परसंवादी कथा असं तिचं जड नाव आहे. वाचक एक उतारा वाचतो, शेवटी त्याला विचारलं जातं की आता तुम्ही काय कराल, आणि त्याच्या उत्तरावर पुढचा उतारा ठरतो. भोक आहे किंवा नाही, धागा वर किंवा खाली, तसंच हे. अमेरिकेत विल क्राउदर या गुहा धुंडाळणाऱ्या संगणकतज्ज्ञाने १९७६ च्या सुमारास केंटकीतल्या खऱ्या गुहेच्या नकाशावर अशी पहिली गाजलेली संगणक-कथा रचली. १९७९ पासून एडवर्ड पॅकार्डच्या मुलांसाठीच्या पुस्तकांनी तोच खेळ कागदावर लोकप्रिय केला. २००९ मध्ये ख्रिस क्लिमासने ट्वाइन हे फुकट साधन दिलं आणि प्रोग्रॅमिंग न येणाऱ्यालाही अशी कथा बांधता येऊ लागली. साधन फुकट झालं. लिहिणाऱ्याचा वेळ मात्र फुकट झाला नाही, आणि सगळा प्रश्न तिथेच आहे.

साधा गुणाकार करून पाहा. दहा वेळा दोनांतली एक वाट निवडायची म्हटलं तर शेवट होतात १०२४. कोणी लेखक इतके लिहीत नाही. वाटा पुन्हा एकत्र आणणं हे या कलेतलं मोठं कौशल्य आहे. तरीही वाचक एका वाचनात लिहिलेल्यातला थोडाच भाग पाहतो. कादंबरी विकत घेणाऱ्याला निदान सगळी पानं मिळतात. इथे तो ज्या गल्लीत शिरला नाही, तिच्यासाठीही पैसे देत असतो. आणि ती गल्ली लिहिलेली नसेल, तर तो ज्या गल्लीत शिरला तिलाही अर्थ उरत नाही, कारण दुसरीकडे भिंतच असेल तर निवड कसली?

समजा, सोलापुरातली एखादी मुलगी अशी कथा लिहायला बसली आहे. तिचं शहर कल्पित आहे, पण तलाव आहे, किल्ल्याचा तट आहे, गिरणीचा भोंगा अजून वाजतो आणि त्याच्या आवाजावर चाळी उठतात. एका गल्लीत कन्नड ऐकू येतं, पलीकडे पद्मशाली विणकरांच्या घरांतून तेलुगू, पुढे दखनी, आणि सगळीकडे मराठी, वाक्याच्या शेवटी ‘बे’ लावलेली. तिला ठरवावं लागेल की भोंगा किती वाजता होतो, सूत कोण उधार देतो, पाण्याचा टँकर कुठल्या वळणावर थांबतो, कोणत्या घरात कोणत्या भाषेत भांडण होतं. वाचक डावीकडे वळला तर काय, उजवीकडे वळला तर काय, हे दोन्ही तिला ठाऊक हवं. कथेचं पहिलं वाक्य लिहिण्याआधी ताणा एवढा लांब घालावा लागतो.

मराठीत या कामाचा एक जास्तीचा खर्च आहे, त्याकडे फारसं लक्ष जात नाही. वाटा फुटणारी कथा वाचकाला उद्देशून बोलते. इंग्रजीत त्यासाठी एक सर्वनाम पुरतं. मराठीत ‘तू आत गेलास’ लिहावं की ‘तू आत गेलीस’, इथेच लेखक अडतो. दोन्ही ठेवायचं तर अशी प्रत्येक वाक्यरचना दुहेरी करावी लागते. ‘तुम्ही आत गेलात’ म्हटलं तर स्त्री-पुरुष भेद मिटतो, पण गल्लीतल्या पोराशी अहोजाहो केल्यासारखं होतं. यातून सुटायची वाट आपल्या व्याकरणातच आहे. ‘तू दार उघडलंस’ या वाक्यात क्रियापद दाराच्या मागे जातं, उघडणारा पुरुष की बाई ते सांगत नाही. ‘तू जाशील’ हेही सांगत नाही. भूतकाळात सकर्मक क्रियापदं आणि पुढचं बोलताना भविष्यकाळ, एवढ्या सामग्रीवर संपूर्ण कथा पेलता येईल का? मला वाटतं येईल, आणि तिची मराठी फार सुंदर होईल, कारण तिच्यात माणूस सतत काहीतरी करत असेल: दार उघडेल, दिवा लावेल, चिठ्ठी फाडेल. पण असा प्रयोग जमेपर्यंत लेखकाचे महिने जातात. ते महिने कोणाच्या खिशातून जायचे?

आपल्याकडे या प्रश्नाची दोन जुनी उत्तरं आहेत, आणि दोन्ही सोलापूरकराच्या ओळखीची आहेत.

पहिलं उत्तर दौलतजादा. सोलापूर जिल्ह्यातलं मोडनिंब संगीत बारीच्या कलाकेंद्रांसाठी ओळखलं जातं. बैठकीत रसिक पैसे देतो, फर्माईश करतो, आणि लावणी त्याच्याकडे पाहून पुन्हा गायली जाते. मला या व्यवहारात एक सरळपणा दिसतो. कलावंताच्या हातात पैसा त्याच क्षणी पडतो, तिला कोणा संस्थेच्या दारात अर्ज घेऊन उभं राहावं लागत नाही. आणि ती कला खऱ्या अर्थाने संवादी आहे. शाहीर राम जोशी याच सोलापूरचे. उत्तर पेशवाईतल्या ज्या शाहिरी जगात ते वावरले, तिथे कलगी आणि तुरा या पक्षांचे सवालजवाब रंगत. समोरच्याने कोडं घातलं की उत्तर गाण्यात द्यायचं. पुढे काय होणार हे समोरच्याच्या सवालावर ठरे. वाटा फुटणारी कथा आपल्याला परकी नाही ती यामुळे.

तरीही दौलतजादा ताण्याचे पैसे देत नाही. ती आडव्या धाग्याचे देते. जे आत्ता, या क्षणी, डोळ्यांसमोर घडतं त्याचे. ज्याचा खिसा मोठा त्याच्याकडे गाणं वळतं. आजच्या जगातही हे जसंच्या तसं आहे. प्रकल्पासाठी लोकांकडून पैसे जमवताना मोठी रक्कम देणाऱ्याच्या नावाचं पात्र कथेत घालण्याचं आमिष दाखवलं जातं. २०१४ पासून चालणाऱ्या ‘प्रतिलिपी’वर मराठीतल्या कितीतरी लेखिका आणि लेखक भागाभागाने कथा लिहितात, वाचक पैसे देतात आणि पुढचा भाग मागतात. यातून अनेकींना आयुष्यात पहिल्यांदा लिखाणाचे पैसे मिळाले असतील, आणि मला ते मनापासून मोलाचं वाटतं. पण पुढच्या भागाचे पैसे कथेला सरळ रेषेत पळवतात. ज्या वाटेवर गर्दी, तीच लिहिली जाते. बाजूच्या गल्ल्या बंद होत जातात, आणि वाटा फुटणाऱ्या कथेचा तर जीवच बाजूच्या गल्ल्यांत असतो.

दुसरं उत्तर वर्गणीचं. जानेवारीत सोलापुरात सिद्धेश्वरांची यात्रा भरते तेव्हा नंदीध्वज शहरातल्या ६८ लिंगांच्या मार्गाने फिरतात, संमती कट्ट्यावर अक्षता पडतात. हा श्रद्धेचा भाग आहे, त्याला मी कल्पित म्हणत नाही. मला इथे त्याची घडण तेवढी दाखवायची आहे. एक कथा शहराच्या नकाशावर अंथरलेली आहे आणि माणसं तिच्यातून चालतात. ती इतकी शतकं टिकली ती तिकिटावर नाही. कोणी तेल देतं, कोणी खांदा देतं, कोणी मान सांभाळतं. ज्याने जे दिलं त्यापोटी मिरवणूक त्याच्या दारावरून वळवून न्या, असं कोणी म्हणत नाही. मार्ग ठरलेला आहे, आणि देणारा तो सबंध मार्ग टिकावा म्हणून देतो.

मराठी ग्रंथव्यवहारात हेच दोनदा मोठ्या प्रमाणावर घडलं. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोशासाठी कंपनी काढली, गावोगाव फिरून भागधारक आणि वर्गणीदार गोळा केले आणि २३ खंड पुरे केले. प्रत्येक वर्गणीदाराने तेवीसही खंड वाचले असतील असं कोणी समजणार नाही. आपण कधी उघडणारही नाही अशा नोंदींसाठी लोकांनी पैसे दिले, कारण कोश अर्धा असून चालत नाही. केतकरांनी केलेली दुसरी गोष्ट मला याहून मोठी वाटते. १९२७ मध्ये त्यांनी ‘माझे बारा वर्षांचे काम’ हे पुस्तक लिहून ज्ञानकोश मंडळाचा इतिहास लोकांपुढे ठेवला. वर्गणी घेतली तर हिशेब द्यायचा, आणि हिशेब म्हणजे नुसती रुपये-आण्यांची बेरीज नव्हे, हे त्यांना उमगलं होतं. पुढे १९७० च्या दशकात दिनकर गांगल आणि त्यांच्या सोबत्यांनी ‘ग्रंथाली’ उभी केली. तिने स्वतःला वाचक चळवळ म्हटलं, आणि वाचकांनी आधी पैसे भरून सभासद व्हायचं ठरवलं. दया पवारांचं ‘बलुतं’ १९७८ मध्ये आणि लक्ष्मण माने यांचं ‘उपरा’ १९८० मध्ये ग्रंथालीनेच काढलं. मराठी मध्यमवर्गाने न पाहिलेल्या गल्ल्यांची ती पुस्तकं होती.

आता परदेशातली दोन उदाहरणं सांगतो, कारण ती नेमकी या कथांचीच आहेत. अँड्र्यू प्लॉटकिन या अमेरिकन लेखकाने २०१० मध्ये ‘हेडियन लँड्स’ या मजकूर-कथेसाठी वाचकांकडे ८,००० डॉलर मागितले. जमले ३१,००० हून अधिक. त्या बळावर त्याने नोकरी सोडली. कथा हाती आली २०१४ मध्ये. चार वर्षं लोक थांबले. थांबणाऱ्यांनी कुरकुर केली असेल, काहींनी आशा सोडली असेल, पण त्यांनी विकत घेतलेली वस्तू हीच होती: एका माणसाचा अखंड वेळ. ब्रिटनच्या फेलबेटर गेम्सने २००९ पासून जमिनीखाली गेलेल्या लंडनचं एक जग शब्दांत बांधलं आणि वाचकांच्या पैशांवर वर्षानुवर्षं वाढवत नेलं. २०१३ मध्ये त्याच जगातल्या पुढच्या कथेसाठी त्यांना लोकांकडून सुमारे एक लाख पौंड मिळाले. आधीचं जग उभं होतं म्हणून ते मिळाले. पहिला ताणा घालणाऱ्याला इतका भरवसा कोणी दाखवत नाही, आणि खरी निकड त्यालाच असते.

मराठीत एक लाख पौंड जमणार नाहीत. मला त्याचं दुःख नाही. यूपीआय २०१६ मध्ये आलं आणि चहाच्या टपरीवर दहा रुपये मोबाईलवरून जाऊ लागले; दरमहा आपोआप पैसे जाण्याची सोयही पुढे झाली. पावतीपुस्तक घेऊन दारोदार फिरण्याचे कष्ट संपले. दरमहा ५१ रुपये देणारे ४०० वाचक म्हणजे महिन्याला २०,४०० रुपये. पुण्यामुंबईत एवढ्यात काय होतं असं कोणी विचारेल, पण सोलापुरात स्वतःच्या घरात राहून लिहिणाऱ्या मुलीला एवढ्यात अर्ध्या दिवसाची नोकरी नाकारता येते. चारशे माणसं शोधणं कठीण आहे, अशक्य नाही. एवढी माणसं एखाद्या शाळेच्या स्नेहसंमेलनालाही जमतात.

मात्र या चारशे जणांनी एक गोष्ट स्वतःहून सोडायला हवी, आणि तीच सर्वांत अवघड आहे. कथेवर हुकूम चालवण्याचा हक्क. वाचक म्हणून वाट निवडण्याचा हक्क त्यांना पुरेपूर आहे, तो या कथेचा प्राणच आहे. पण वाट निवडणं वेगळं आणि वाटा आखणं वेगळं. मतदान घेऊन पुढचं प्रकरण ठरवणाऱ्या कथा मी वाचल्या आहेत. बहुमत नेहमी नायकाला वाचवतं, प्रेमाची माणसं एकत्र आणतं, दुष्टाला शिक्षा देतं. एकेका वाचकाने एकट्याने, रात्री, कोणी पाहत नसताना निवडलं तर तो याहून धीट असतो. तो दुष्टाच्या घरीही जेवायला बसून पाहतो. त्या एकट्या वाचकासाठी गल्ली लिहून ठेवायची, तर चारशेंच्या हात वर करण्यापासून लेखिकेला दूर ठेवलं पाहिजे.

तिच्याकडून मात्र हिशेब मागायचा, केतकरांनी दिला तसा. दर महिन्याच्या एक तारखेला, देणाऱ्या सगळ्यांना, एका कागदावर: किती उतारे लिहून झाले, कुठे अडलं, कोणती गल्ली पाडून पुन्हा बांधली आणि का. मला असा पहिला कागद वाचायची फार ओढ आहे. त्यात लिहिलेलं असेल, की या महिन्यात गिरणीमागच्या तीन गल्ल्या पूर्ण झाल्या. दोन गल्ल्यांतून वाचक जाऊन आले. तिसरीत, जिथे एक म्हातारी तेलुगूत गाणं म्हणत सूत भरते आहे, तिथे अजून कोणी शिरलेलं नाही.