ताट, वजनकाटा आणि ‘हळूहळू’



आजचं वाचन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय ६, श्लोक १६ आणि १७.

भावार्थ : जो अति खातो त्याला योग साधत नाही, आणि जो खातच नाही त्यालाही साधत नाही. अति झोपणाऱ्याला नाही, सतत जागणाऱ्यालाही नाही. ज्याचं खाणं-फिरणं, काम, झोप आणि जागणं मापात आहे, त्याचा योग त्याचं दुःख दूर करतो.

चिंतन :

एका वाचक ताईंनी विचारलं, “दादा, मी वजन कमी करतेय. पण देह तर नश्वर. मग त्याच्या एवढं मागे लागणं ही देहबुद्धीच नाही का?”

प्रश्न खरा आहे. माझं उत्तर असं की देहबुद्धीला दोन तोंडं असतात. एक तोंड देहाचे लाड करतं : अजून एक वडापाव, अजून अर्धा तास झोप. दुसरं तोंड देहाचा राग राग करतं : आरशात बघून चरफडणं, तीन दिवस नुसतं लिंबूपाणी, चौथ्या दिवशी रात्री पिझ्झा. दोन्हीकडे माणूस दिवसभर देहाचाच विचार करत असतो. म्हणून भगवंत दोघांनाही एकाच श्लोकात थांबवतात. पुढे सतराव्या अध्यायात तर ते स्पष्टच सांगतात की जे शरीराला घोर तपानं छळतात, ते आत राहणाऱ्या मलाच छळतात. क्रॅश डाएट करणाऱ्यानं तो भाग एकदा शांतपणे वाचावा.

माउलींनी या श्लोकांवर लिहिताना जिभेचा गुलाम झालेला आणि हट्टानं भूक-तहान कोंडून ठेवणारा, या दोघांना एकाच रांगेत बसवलं आहे. अन्न घ्यावं, पण मोजून. चालणं, बोलणं, झोप, सगळं बेतानं. ‘सोडा’ असं ते म्हणत नाहीत, ‘मोजा’ म्हणतात.

मग माप कसं बसवायचं? याच अध्यायात, २५ व्या श्लोकात, मन स्थिर करण्याबद्दल बोलताना भगवंत एक शब्द लागोपाठ दोनदा उच्चारतात. त्याचा अर्थ ‘हळूहळू’. मला वाटतं, जे मनाला लागू ते ताटालाही लागू.

याची एक फार जुनी गोष्ट पाली वाङ्मयात, संयुत्त निकायात आहे. कोसल देशाचा राजा पसेनदी भरपूर जेवून, धापा टाकत भगवान बुद्धांच्या भेटीला आला. बुद्ध त्याला रागावले नाहीत, उपासही सांगितला नाही. जो भान ठेवून, माप ओळखून जेवतो त्याचे त्रास कमी होतात आणि तो सावकाश म्हातारा होतो, अशा अर्थाची एक गाथा म्हटली. राजानं सुदस्सन नावाच्या तरुणाला ती पाठ करायला लावली आणि आपण जेवायला बसलो की म्हणायला सांगितली. रोज आठवण करून द्यायची, एवढंच त्याचं काम. राजाचं जेवण पायरीपायरीनं उतरत गेलं आणि अंग हलकं झालं. तेव्हा तो अंगावरून हात फिरवत म्हणाला की भगवंतांनी माझं इहलोकीचंही भलं केलं आणि परलोकीचंही. ताईंच्या प्रश्नाचं उत्तर त्या राजानं केव्हाच देऊन ठेवलंय.

आता घरचं सांगतो. मी मुरुडचा. समुद्राकाठचं मुरुड नव्हे, लातूर-बार्शी रस्त्यावरचं आमचं मुरुड. आईचे गुडघे दुखायला लागले आणि मांडी घालून बसता येईना. दुखण्यापेक्षा जास्त लागलं ते हे, की तिनं हरिपाठाला जाणंच सोडलं. “सगळ्या बायका खाली बसतात, मी एकटी खुर्चीवर कशी बसू?” डॉक्टर म्हणाले, वजन उतरवा. गुडघ्याच्या रुग्णांवरचा २००५ सालचा एक अमेरिकी अभ्यास आहे : वजन एक किलो कमी झालं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोनं कमी होतो.

आईनं कुठलंच ‘डाएट’ केलं नाही. चहात दोन चमचे साखर, दिवसाला चार कप. म्हणजे नुसत्या चहातून जवळजवळ ४० ग्रॅम साखर. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला २५ ग्रॅमच्या आत राहणं चांगलं म्हणते. तिनं महिन्याला अर्धा चमचा कमी केला. तीन भाकरींच्या दोन झाल्या, भाजी-वरण वाढलं. रात्रीचं जेवण दिवेलागणीला आलं. ‘एकादशी, दुप्पट खाशी’ ही म्हण आपल्या घराला लागू आहे हे तिनंच हसत मान्य केलं, आणि साबुदाण्याच्या खिचडीची वाटी लहान झाली. मंदिरापर्यंत पायी जाणं सुरू झालं, आधी वाटेत दोनदा टेकत. सव्वा वर्षात आठ किलो. आज ती पाटावर बसून हरिपाठ म्हणते. गुडघा अजूनही कुरकुरतो, पण हरिपाठ चालू असताना तिला त्याची आठवण नसते. देह सांभाळायचा तो यासाठी. बुटात खडा असला की सगळं लक्ष पायाकडे. खडा काढला की लक्ष वाटेकडे.

आमच्या लातूरचं नाव या विषयात राज्यभर पोचलं ते डॉ. जगन्नाथ दीक्षितांमुळे. तिथल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात असताना त्यांनी नागपूरच्या डॉ. श्रीकांत जिचकारांचा विचार पुढे नेला : कडक भूक लागेल तेव्हा, दिवसातून दोनदाच, ५५ मिनिटांच्या आत जेवण, आणि रोज ४५ मिनिटं चालणं. त्यावर वादही भरपूर झाले. त्यात मी पडत नाही. मला त्यांच्या व्याख्यानाच्या नावातला एक शब्द भावतो, ‘विनासायास’. जे ओढूनताणून करावं लागतं ते टिकत नाही. (मधुमेहाची औषधं चालू असतील तर जेवणात कुठलाही बदल डॉक्टरांना विचारूनच करा बरं का.)

हळूहळूचा आणखी एक लाभ आहे, आणि तो खरा आध्यात्मिक आहे. महिन्याला अर्धा-पाऊण किलो कुणाच्या नजरेत भरत नाही. ‘आधी’ आणि ‘नंतर’चे फोटो टाकता येत नाहीत. त्यामुळे अहंकाराला खायला काही मिळत नाही! ताटातलं माप हे कर्म आहे, काट्यावरचा आकडा हे फळ. अधिकार कशावर आहे हे गीता वाचणाऱ्याला वेगळं सांगायला नको. काटा रोज बघू नका, ताट रोज बघा.

आणि फक्त आपलंच ताट बघा. कुणाचं वजन थायरॉईडमुळे वाढतं, कुणाचं औषधांमुळे, कुणाला दोन शिफ्ट करून चालायला वेळच उरत नाही. जाड माणसाला संयम नाही असं ठरवून टाकणं, हा निंदेचाच प्रकार आहे. आपलं दोन किलो उतरलं आणि मनात दुसऱ्याबद्दल तुच्छता चढली, तर साधक म्हणून आपण तोट्यातच गेलो.

आजचा संकल्प : एकच गोष्ट निवडा. चहातली अर्धा चमचा साखर, जेवणानंतर दहा मिनिटं शतपावली, किंवा लिफ्टऐवजी दोन मजले जिना. महिनाभर तेवढंच, दुसरं काही नाही. एखाद्या दिवशी चुकलं तर स्वतःला शिव्या देऊ नका, पुढच्या जेवणाला पुन्हा सुरू करा. आणि पहिल्या घासाआधी एकदा नाम घ्या. आपला सुदस्सन तोच.

हे पांडुरंगा, ताटात माप दे, मनात गोडवा दे, आणि तुझ्या दारी बसता येईल एवढं बळ या देहात राहू दे.

राम कृष्ण हरी!