टाचणीचं गाऱ्हाणं
लहानपणी आम्ही चतुराच्या शेपटीला दोरा बांधून त्याला उडवायचो. टाचणी त्याहून बारीक. पंख मिटून काडीगत बसायची. तिची पिल्लं पाण्यात वाढतात, डासांच्या अळ्या खातात, हे फार उशिरा कळलं. तोवर मी फवारणीचा पंप जंगलातून येणाऱ्या ओढ्यातच धुवायचो. एका भादव्यात काठावर तासभर बसलो, तर एकही टाचणी नाही. जाब विचारायला कुणी आलं नाही. शेजाऱ्याचा बांध कोरला असता तर भावकी गोळा झाली असती. ज्याला तोंड नाही, त्याचं नुकसान नुकसानीत धरायचं नाही का? आता पंप वावरातच धुतो, ते पाणी पिकावरच मारतो. परवा टाचण्यांची एक जोडी पाण्यातल्या देठात अंडी घालताना दिसली. पाय न वाजवता मागं सरलो.