त्रिकोणी लाट

७४१ नावाचा ऑप-अँप फेअरचाइल्ड कंपनीनं १९६८ साली बाजारात आणला. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुसऱ्या वर्षाच्या लॅबमधून तो अजून हललेला नाही. प्रयोगही ठरलेला. दहा पट गेनचं सर्किट जोडायचं, फ्रिक्वेन्सी वाढवत न्यायची आणि आउटपुट कुठं ढासळतं ते सेमिलॉग कागदावर काढायचं. गेन आणि बँडविड्थ यांचा गुणाकार सुमारे १ मेगाहर्ट्झ, म्हणून दहा पटीला १०० किलोहर्ट्झ. उत्तर मॅन्युअलमध्ये छापलेलं असतं, आलेखासकट.

सबमिशनचा आठवडा आहे आणि एका तरुण प्राध्यापकासमोर दोन जर्नलं उघडी आहेत. मुलीचा आलेख १८ किलोहर्ट्झच्या आसपासच खाली आलाय. त्याखाली तिनं पेन्सिलीनं लिहिलंय : इनपुट १ व्होल्ट पीक, साइन वेव्ह त्रिकोणी दिसते. तोंडी परीक्षेत तिला कारण सांगता आलं नाही. मुलाचा आलेख थेट मॅन्युअलसारखा. मात्र सरांनी मुलीचा आलेख पुढं सरकवला, तसा त्यानं मिनिटभरात उलगडा केला. ७४१चं आउटपुट मायक्रोसेकंदाला साधारण अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त वेगानं चढू-उतरू शकत नाही. १० व्होल्ट पीकची साइन लाट ८ किलोहर्ट्झच्या पुढं त्याहून जास्त वेग मागते. तो मिळत नाही, लाटेच्या बाजू सरळ होतात आणि त्रिकोण उरतो. याला स्ल्यू रेट म्हणतात, हेही त्यानं सांगितलं.

शेजारी उभे आहेत लॅब असिस्टंट अण्णा. पात्रं कल्पित आहेत. असा आठवडा मात्र कुठल्याही कॉलेजात येतो.

सर : त्याला नऊ देतो. तिला सहा.

अण्णा : उलटं नको का, सर? त्याचं टेबल बघा. दोन्ही रेझिस्टर सोनेरी पट्टीचे, म्हणजे पाच टक्के इकडं-तिकडं. तरी गेन बरोबर १०.००, आणि सुरुवातीच्या प्रत्येक रीडिंगला तेवढाच. असं आपल्या बाकांवर होत नाही.

सर : मला संशय नाही असं नाही. पण १०० किलोहर्ट्झ आलं म्हणून उतरवलं, हे कसं म्हणता? इनपुट १०० मिलिव्होल्टच ठेवलं तर ते खरोखर येतं. बॅचमध्ये काहींनी तसं केलंय. जुळलं म्हणजे चोरलं, हा नियम लावला तर तेही गेले.

अण्णा : ते खरं. तो नियम नको.

सर : आणि समजा, उतरवलंय. फसलं कोण? उत्तर मला माहीत, तुम्हाला माहीत, त्यालाही माहीत. या रीडिंगची जगात कुणी वाट बघत नाहीये. परीक्षा घ्यायची ती समजुतीची, आणि समजूत त्याच्याकडं आहे.

अण्णा : माझा मेव्हणा वीज कंपनीच्या सबस्टेशनला होता. अर्थिंगच्या खड्ड्याशेजारी पाटी असते, तिच्यावर ओहममध्ये आकडा आणि तारीख. मे महिन्यात माती वाळली की रेझिस्टन्स वाढतो, पावसात उतरतो. तो म्हणायचा, मे आणि ऑगस्टचा आकडा तोच दिसला की समजायचं, टेबलावर बसून लिहिलाय. त्या आकड्याचीही कुणी वाट बघत नसतं, सर. फॉल्ट येईपर्यंत.

सर : पटतं. पण तुम्ही हे विद्यार्थ्यांकडून फुकटात मागताय. दोन तासांचं प्रॅक्टिकल, एका बाकावर चौघं, निम्मे प्रोब सैल. ज्याचा आलेख मॅन्युअलशी जुळतो त्याला सही मिळते आणि तो पाचची बस पकडतो. ज्याचा जुळत नाही त्याला आपण सांगतो, परत घ्या. खरं लिहिण्याचा दंड आपणच ठेवलाय, आणि वर त्यांनी खरं लिहावं ही अपेक्षा.

(अण्णा यावर गप्प बसतात. माझ्या मते संपूर्ण संभाषणात सरांची हीच बाजू सगळ्यांत भक्कम आहे. तिला उत्तर द्यायचं तर वेळापत्रक बदलावं लागेल.)

सर : शिवाय मिलिकन घ्या. तेलाच्या थेंबांवरून इलेक्ट्रॉनचा विद्युतभार मोजणारा, १९२३चा नोबेल मानकरी. १९१३च्या निबंधात त्यानं ५८ थेंब दिले आणि लिहिलं की हे निवडलेले नाहीत, सगळे आहेत. पुढं त्याच्या वह्या तपासल्या, तर मोजलेले थेंब जास्त निघाले. कुठला थेंब घ्यायचा, कुठला सोडायचा, हे तो मनाशी ठरवत होता. तरी उत्तर एखाद्या टक्क्याच्या आत बरोबर. जाणकाराला उत्तराचा अंदाज असतो, अण्णा.

अण्णा : वह्या तपासल्या म्हणालात. कुणाच्या?

सर : त्याच्याच.

अण्णा : म्हणजे सोडलेले थेंबही त्यानं लिहून ठेवले होते. म्हणून तर तुम्ही आज त्याला नावं ठेवू शकता. या पोरानं काय सोडलं, ते कुठं बघायचं? त्यानं काहीच सोडलेलं नाही, कारण काही घेतलेलंच नाही.

सर : बरं. पण तिचं काय? तिला मॅन्युअलनं १०० मिलिव्होल्ट सांगितलं होतं, तिनं १ व्होल्ट दिला. चूकच. त्रिकोण दिसला, लिहिला. का दिसला ते ठाऊक नाही. एवढं तर मोबाइलचा कॅमेराही करतो.

अण्णा : कॅमेऱ्याला विचित्र वाटत नाही, सर. टेबलात लाटेच्या आकाराचा कॉलमच नाही. तिनं खाली जागा करून लिहिलं. आणि इनपुट किती होतं तेही लिहिलं. ते नसतं, तर त्या पोराला ८ किलोहर्ट्झ काढता आलं असतं?

सर : नाही. दहा व्होल्ट त्यानं तिच्याच ओळीवरून घेतले.

अण्णा : मग त्याचे नऊ कुठून आले?

सर : (जरा थांबून) असंही म्हणता येईल, की तिच्या रीडिंगला अर्थ त्यानं दिला. त्याच्याविना तो नुसता बिघडलेला आलेख होता. उद्या एखाद्या कारखान्यात दोघं गेले, तर दोघं लागतील. पण मला टर्मवर्क दोघांचं मिळून द्यायचं नाहीये. एकेकाच्या नावापुढं आकडा लिहायचाय. आणि सगळ्याच प्रामाणिक मुली-मुलांना मी वर ओढलं, तर पुढच्या वर्षी मुलं बेमालूम चुकीची रीडिंग तयार करतील. सिम्युलेटरमध्ये थोडा गोंगाट मिसळला की झालं. प्रामाणिकपणाचे गुण ठेवले, की त्याचीही गाइडं निघतात.

अण्णा : म्हणून स्वभावाला गुण देऊच नका. वहीला द्या. दुसऱ्या कुणी वाचून तेच सर्किट तसंच लावलं, तर तेच दिसेल का? तिच्या वहीवरून दिसेल. त्याच्या वहीत इनपुटची जागा कोरी आहे.

सर : मग परफॉर्मन्सच्या रकान्यात त्याला शून्य. तोंडीचे पूर्ण. बेरीज काठावर येते, आणि प्रयोग केलेलाच नाही असं ठरलं तर टर्मवर्कच अडतं. संशयावर कुणाचं सेमिस्टर अडवणार नाही मी.

अण्णा : संशयावर नको. प्रोब मी आयकार्ड ठेवून देतो आणि रजिस्टरला सही घेतो. त्या दिवशी कुणी प्रोब नेला, कुणी नाही, ते लिहिलेलं आहे.

सर : रजिस्टर! अण्णा, त्याच रजिस्टरमध्ये बंद पडलेल्या सीआरओंसमोर, म्हणजे ऑसिलोस्कोपांसमोर, 'चालू' लिहिलंय.

अण्णा : लिहिलंय. तपासणीला समिती येणार होती. खाली सही तुमची आहे.

सर : तेच म्हणतोय. त्या रजिस्टरच्या भरवशावर मी याला सांगू, की तुझं टेबल खोटं आहे?

अण्णा : प्रोबचं पान वेगळं आहे, सर. ते मी त्या-त्या वेळी भरतो.

सर : हे मी कशावरून मानायचं? तुम्ही सांगता म्हणून?

अण्णा : मी सांगतो म्हणून नको. पोरांच्या सह्या आहेत त्यावर, ज्याच्या-त्याच्या पेनानं केलेल्या. हव्या तर जर्नलवरच्या सह्यांशी ताडून बघा.

सर : आणा. सीआरओचं पानही आणा.