ठेव कोणाची, किल्ली कोणाची?

जी वस्तू आपण जपून ठेवली आहे असे आपण म्हणतो, ती दुसऱ्याच्या परवानगीवाचून आपणांस उघडता येत नसेल, तर ती आपण जपली असे म्हणता येईल काय? प्रश्न जुना आहे. सावकाराच्या तिजोरीपासून देवळाच्या भांडारापर्यंत नाना रूपांनी तो न्यायासनापुढे आलेला आहे. आज तो एका अगदी क्षुल्लक दिसणाऱ्या प्रसंगातून पुन्हा उभा राहतो, आणि प्रसंग क्षुल्लक दिसतो म्हणूनच त्याचा विचार करावयाचे आम्ही येथे योजिले आहे.

पांढुर्णा-सौसरकडील एखाद्या भजनी मंडळाची लहानशी कचेरी वाचकांनी डोळ्यांपुढे आणावी. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नेहमीची देखभाल थांबविली. जुने संगणक नव्या विंडोजला पेलत नाहीत, आणि नवे घेण्याइतका पैसा मंडळापाशी नसतो. तेव्हा कोणी जाणता तरुण त्याच यंत्रावर लिनक्स बसवून देतो. यंत्र चालू लागते, वर्गणीचा हिशेब उघडतो, सर्वांस समाधान वाटते. मग कोणी तरी गेल्या सप्ताहातील कीर्तनाची चित्रफीत उघडू जातो, आणि पडद्यावर अक्षरे उमटतात की ही फीत दाखविण्यास लागणारा कोडेक येथे नाही. लगेच निवाडा होतो, ‘लिनक्स निकामी!’

निवाड्यापूर्वी साक्ष नीट ऐकावी, ही आमच्या व्यवसायाची सवय. ध्वनी किंवा चित्र फाइलीत साठवायचे म्हणजे ते आटवून एका ठरीव सांकेतिक रीतीने लिहावे लागते. वाजविताना तीच रीत उलट चालवावी लागते. ही रीत जाणणारा जो भाग, त्याला कोडेक म्हणतात. यांतील कित्येक रीतींवर पेटंटे आहेत. एमपी३ या सर्वपरिचित रीतीवर जर्मनीतील फ्राउनहोफर संस्थेचा अधिकार चाले. तिने आपली परवाना-योजना २०१७ साली बंद केली, तोवर लिनक्सच्या अनेक वितरणांत ती रीत मुळात घातलेली नसे. आजच्या मोबाइलांतील पुष्कळ चित्रफिती ज्या एचईव्हीसी रीतीने साठविल्या जातात तिच्यावर तर पेटंटधारकांचे एकाहून अधिक संघ हक्क सांगतात. म्हणून फेडोरा हे वितरण ती रीत आपल्या संचात देत नाही. उबुंटू ती देण्यापूर्वी बसविणाऱ्यास विचारते. गंमत अशी की, आमच्या १९७० च्या पेटंट अधिनियमाच्या तिसऱ्या कलमाप्रमाणे निव्वळ संगणक-कार्यक्रम हा पेटंटाचा विषयच होत नाही. म्हणजे जाम नदीच्या काठी झालेले कीर्तन मुके होते ते अमेरिकेतील कायद्याच्या धाकाने.

तेव्हा ‘कोडेक नाही’ हे वाक्य कटकटीचे खरे, पण आमच्या मते ते प्रामाणिक आहे. ज्या यंत्रावर सर्व काही विनाप्रश्न वाजत होते त्यावरही कुलूप होतेच. यंत्राच्या किमतीत किल्लीचे भाडे आधीच भरलेले असल्यामुळे ते दिसत नव्हते, इतकेच.

कुलुपात ठेवलेल्या शब्दाचे एक उदाहरण पांढुर्ण्यापासून फार दूर नाही. वरुड-मोर्शीच्या वाटेने उतरले की रिद्धपूर लागते. महानुभाव पंथाचे हे महास्थान. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी सिद्ध केलेले ‘लीळाचरित्र’ मराठी गद्याचा आद्य ठेवा म्हणून आज मानले जाते. या पंथीयांनी आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत लिहिले. हेतू पवित्र होता: ईश्वराचा शब्द अपात्राच्या हाती पडून विटाळू नये. शब्द सुरक्षित राहिला यात संशय नाही, परंतु पंथाबाहेरील मराठी समाजास आपल्याच भाषेतील हे आदिधन शतकानुशतके अज्ञात राहिले, ते थेट विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाडे, भावे यांसारख्या संशोधकांनी त्यास हात घालीपर्यंत. महानुभावांना आम्ही दोष देत नाही. त्यांनी कुलूप घातले, पण किल्ली त्यांच्याच मठांत, ग्रंथ जपणाऱ्यांच्याच हाती होती. आमच्या भजनी मंडळाची अवस्था याहून विचित्र. गाणारा एक, जपणारा दुसरा, आणि किल्ली अशा तिसऱ्यापाशी, ज्याला ना गाण्याचे सुख ना जपण्याचे ओझे!

कोणी म्हणेल, एवढ्याशा गावच्या मंडळाच्या फिती. गेल्या तर काय गेले? सौसर-पांढुर्ण्याच्या बाबतीत हे उत्तर आम्हांस पटत नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा मध्य प्रदेशात राहिला. २०२३ साली त्यातून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा निघाला, सौसर त्यात आले. राज्यकारभाराची भाषा मात्र हिंदीच. घरी, शेतावर, संत्र्याच्या बागेत बोलली जाणारी तेथील वऱ्हाडी वळणाची मराठी कागदावर फारशी उतरत नाही. ती उतरते ती काकड्यात, हरिपाठात, सप्ताहाच्या कीर्तनात. तेव्हा मंडळाच्या त्या फिती हेच तेथील मराठीचे दप्तर होय. मुंबई-पुण्याच्या एखाद्या मंडळाची ध्वनिफीत गेली तर दुसरीकडे दहा सापडतील. सौसरची गेली तर ती कोठे शोधावी?

आता कायदा. देवता ही विधिदृष्ट्या व्यक्ती आहे, तिच्या नावे मालमत्ता असू शकते, हे तत्त्व वाचकांस परिचित आहे. कलकत्त्याच्या मलिक घराण्यातील सेवेकऱ्यांमध्ये, कुलदैवताची मूर्ती एका घरातून दुसऱ्या घरात नेता येईल की नाही, असा वाद उपस्थित झाला होता. १९२५ साली प्रिव्ही कौन्सिलने सांगितले की, मूर्ती म्हणजे सेवेकऱ्याने मनास येईल तशी हलवावी अशी जिनगी नव्हे. तिचीही इच्छा मानली पाहिजे, आणि ती मांडण्यासाठी वादात हितसंबंध नसलेला कोणी तिच्या बाजूने उभा राहिला पाहिजे. सेवेकरी मालक नसतो, हा त्यातील गाभा. देवापुढे गाइलेले गाणे ही कायद्याने देवाची मालमत्ता ठरते असे आमचे म्हणणे नाही. परंतु भाविकांच्या वर्गणीतून, देवाच्या नावाने जे ध्वनिमुद्रित झाले ते सांभाळणाऱ्याचे नाते आम्हांस या सेवेकऱ्याच्या नात्याहून वेगळे दिसत नाही.

या मासिकाच्या कोंकणी वाचकांस दुसरी बाजू सांगावयास नकोच. सोळाव्या शतकात सासष्टीत देवळांवर संकट आले तेव्हा कुठ्ठाळचा मंगेश प्रियोळास आला, केळशीची शांतादुर्गा कवळ्यास आली. देव लहरीने हलवू नये हे खरे, पण वेळ आली असता हलविता आला पाहिजे, हेही तितकेच खरे. पुराच्या वेळी जी पेटी दुसऱ्याची परवानगी आल्याशिवाय उचलताच येत नाही, तीत देव ठेवणाऱ्या सेवेकऱ्यास कोणी शहाणा म्हणणार नाही.

कुलूप उघडणे हा गुन्हा तर नव्हे, अशी शंका सज्जनांस येते. १९९९ मध्ये नॉर्वेतील योन लेक योहान्सेन नावाच्या मुलाचे नाव डीव्हीडीचे कुलूप उघडणाऱ्या एका कार्यक्रमाशी जोडले गेले. त्याच्यावर खटला झाला आणि २००३ साली तो दोनदा निर्दोष ठरला. आमच्या कॉपीराइट अधिनियमात २०१२ च्या दुरुस्तीने आलेले ६५-अ हे कलम तर मुळातच सावध आहे. हक्कभंग करण्याच्या हेतूने संरक्षक योजना मोडणे हा गुन्हा. अधिनियमाने स्पष्टपणे मना न केलेल्या कारणासाठी तेच करणे गुन्हा नव्हे. विकत घेतलेली भजनांची तबकडी आपल्या लिनक्सवर लावून पाहणारा भक्त आमच्या मते चोर नव्हे. पॅरिसच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी १९९६ मध्ये आरंभिलेला आणि २००१ पासून सर्वांस मुक्त असलेला व्हीएलसी हा कार्यक्रम बहुतेक सर्व रीती वाजवितो. तो बसविला की कचेरीतील तक्रार बहुधा तेथेच मिटते.

पण तक्रार मिटली म्हणजे कर्तव्य मिटले काय? ऐकणे आणि जपणे या दोन क्रिया वेगळ्या आहेत. ऐकण्यासाठी मिळेल ती किल्ली चालावी. आरतीच्या वेळी स्वातंत्र्याचा वाद घालीत बसणाऱ्याचे आम्हांस कौतुक नाही, आणि बंद कोडेकाचा स्पर्शही पाप मानणाऱ्या लिनक्सभक्तांचे सोवळे आम्हांस अंमळ जास्त कडक वाटते. जपताना मात्र ज्याचे लेखन-नियम जगजाहीर आहेत, ज्यावर कोणाचे भाडे नाही, अशाच रीतीने जपावे. ध्वनीसाठी फ्लॅक आहे. तिचे नियम २०२४ च्या अखेरीस इंटरनेटच्या मानकांत प्रसिद्ध झाले. तीत आटविताना ध्वनीचा कणही गळत नाही. (एमपी३ फ्लॅकमध्ये बदलून मात्र गेलेले परत येत नाही; पातळ झालेले ताक घुसळून लोणी निघत नसते.) चित्रफितींसाठी २०१८ चा एव्ही१ आहे, जरी जुन्या यंत्रांस तो जड जातो.

छायाचित्रांची गोष्ट वरवर सोपी. मोबाइल तारेने जोडावा, त्याच्या पडद्यावर ‘फाइल हस्तांतर’ निवडावे. शॉटवेलसारखा कार्यक्रम चित्रे उतरवून घेतो आणि वर्ष, महिना, दिवस अशा क्रमाने लावून ठेवतो. आयफोन २०१७ पासून एचईआयसी या रीतीने चित्रे काढतो. तेथे पुन्हा किल्लीचा प्रश्न येतो, तो जेपीईजीत रूपांतर करून सुटतो. काम झाले की कार्यक्रम विचारतो, मूळ चित्रे ठेवू की पुसू? घाईने ‘पुसा’ म्हणू नये. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या ६३ व्या कलमाखाली जो दाखला द्यावा लागतो, त्यात फाइलीचे हॅश-मूल्यही लिहावे लागते. देवळाच्या जमिनीचा वाद लागला असता मूळ चित्राचे मोल कळते.

यंत्र एवढेच विचारते. चित्रात कोण आहे, हे ते विचारीत नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पांढुर्णा आणि सावरगाव यांची गोटमार होते. मधोमध पळसाचे झाड, त्यावर झेंडा, दोन्ही तीरांवरून दगड. माणसे जखमी होतात, पूर्वी दगावलीही आहेत. दोन्ही काठांवरून मोबाइल उंचावलेले असतात. रक्ताने भरलेला तो चेहरा कोणाचा? चंडीमातेच्या नावाने तो पात्रात उतरला होता, जगाच्या करमणुकीसाठी नव्हे. मोकळ्या किल्लीने येथे प्रश्न सुटत नाही, उलट वाढतो. कुलूप होते तोवर न उघडण्याचे श्रेय कुलपाला जाई, आता ते संयमाला द्यावे लागेल.

गाणाऱ्याचेही तसेच. खऱ्याखुऱ्या धर्मकृत्यात गीत गाण्यास वा ध्वनिफीत लावण्यास कॉपीराइट अधिनियमाचे ५२ वे कलम मुभा देते. पण त्याच अधिनियमाचे ३८ वे कलम प्रयोग करणाऱ्यास, मग ती सौसरची काकडा म्हणणारी आजी का असेना, आपल्या गायनाच्या मुद्रणावर पन्नास वर्षांचा हक्क देते, आणि ३८-ब तिला प्रयोगकर्ती म्हणून ओळखले जाण्याचा हक्क देते. आमच्या मंडळांत संमती विचारण्याची चाल नाही; विचारले तर आजी हसेल. तरी विचारावे. गी प्वातव्हँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रातील खेड्यांतून जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, तेव्हा ओवीबरोबर गाणारणीचे नाव आणि गाव टिपून ठेवले. बर्नार बेल यांनी तो संग्रह संगणकावर लावला, आणि आज तो कोणासही ऐकता-वाचता येतो. तेथे किल्ली मोकळी आहे आणि नावही जागच्या जागी आहे.

आमच्या कचेरीतील लिनक्सवर आता सप्ताहाची फीत वाजते. तिच्यात अभंग म्हणणारी बाई कोण, कोणत्या गावची, हे आज मंडळातील चार माणसांना ठाऊक असेल. फाइलीच्या नावाच्या जागी मात्र मोबाइलने घातलेली तारीख आणि काही अंक आहेत.