शिवी झालेली वनस्पती

बांडगूळ हा शब्द मी माणसासाठी आयुष्यात एकदाच वापरला. तेव्हा कॉलेजात शिकत होतो. विधवा झालेली फुफू आमच्याकडेच राहायची. घरात पैशांची ओढाताण होती. एका भांडणात मी बोलून गेलो, "या घरात बांडगुळं पोसायची तरी किती?" फुफूने ते ऐकले. ती काहीच बोलली नाही. रात्री नेहमीप्रमाणे तिनेच माझे ताट वाढले.

पुढे वनस्पतींविषयी वाचू लागलो, तेव्हा तो शब्द मला पुन्हा टोचू लागला. आंब्यावरचे बांडगूळ फांदीत मुळे घुसवून पाणी आणि क्षार घेते, हे खरे. ते फार माजले तर फांदी वाळते, म्हणून शेतकरी ते छाटतो. पण त्याची पाने हिरवी असतात. अन्न ते स्वतः उन्हात तयार करते. त्याच्या फुलांतला मध शिंजीर पितो, फळे फुलटोच्या खातो आणि त्याच्यामार्फत चिकट बी दुसऱ्या फांदीवर पोहोचते.

याउलट अमरवेल. तिला हिरवे पान नाही, वाढल्यावर जमिनीत मूळही नाही. अन्न, पाणी सारे ती दुसऱ्याकडून घेते. बी रुजल्यावर थोड्या दिवसांत आधार सापडला नाही, तर रोप मरते. तिची एक जात टोमॅटोच्या गंधाच्या दिशेने वाढत जाते, असे २००६ साली अमेरिकेतील संशोधकांनी दाखवून दिले.

साताऱ्याजवळच्या कास पठारावर जांभ्या खडकावर मातीचा पातळ थर असतो. त्यात नत्र कमी. तिथली दवबिंदू ही वनस्पती पानांवरच्या चिकट थेंबांनी कीटक धरते आणि ती उणीव भरून काढते. शेजारीच निळ्या फुलांची 'सीतेची आसवे' डोलत असते. तिच्या इवल्या पिशव्या ओल्या मातीतले सूक्ष्म जीव गिळतात.

आता आपला न्याय पाहा. सर्वस्वी दुसऱ्यावर जगणारीला आपण 'अमर' म्हटले, जीव गिळणारीला सीतेचे अश्रू म्हटले आणि अन्न स्वतः करणाऱ्याची मात्र शिवी केली! एका माणसाला चिकटवलेली अशी शिवी उद्या वस्तीला, जमातीलाही चिकटवली जाते.

दवबिंदू कीटक मारते तेव्हा गुन्हा करत नाही, कारण तिला दुसरी वाट नाही. माणसाला ती असते. म्हणून 'जगायचे तर असेच वागावे लागते' ही सबब वनस्पतीला चालेल, लाच खाणाऱ्याला नाही.

फुफू पहाटेपासून घरासाठी राबायची. तिने किती घेतले आणि किती दिले, याचा हिशोब मी मनाशी पुष्कळदा मांडला. मग कळले, की हिशोब मांडणे हीच मूळ चूक. ती अंथरुणाला खिळली असती, तर तिचा घासावरचा हक्क संपला असता काय? तान्हे मूल, आजारी माणूस, म्हातारे आईबाप, सारेच कुणाच्या ना कुणाच्या आधाराने जगतात.

आणि त्या दिवशी मी तरी काय होतो? अब्बांच्या कमाईवरच शिकत होतो. मला कुणी बांडगूळ म्हटले नव्हते.

फुफू आता नाही. माफी मागायची राहूनच गेली.