पौर्णिमेला जमणारे मासे

कॅरिबियन समुद्रात लिटल केमन नावाचं छोटंसं बेट आहे. तिथे नासाऊ ग्रुपर नावाचा मासा असतो, आपल्या गोबऱ्याच्या कुळातला. एरवी हा खडकात एकटा राहतो. पण हिवाळ्यात पौर्णिमेच्या सुमारास ठरलेल्या एकाच जागी हजारोंनी जमतो, अंडी घालायला. २००१मध्ये मच्छीमारांना बेटाच्या पश्चिम टोकाची ही जागा सापडली. साधारण ७,००० मासे होते. दोन हंगामांत त्यातले ४,००० गळाला लागले.

२००३मध्ये सरकारने तिथे आठ वर्षांची बंदी घातली. पुढे ती वाढवली. आज तिथे पुन्हा ७,०००च्या आसपास मासे जमतात.

ही गोष्ट मी काकांना सांगितली. त्यांची रत्नागिरीकडे होडी आहे. ते म्हणाले, "आणि मासा परत आलाच नसता तर?"

मी अडकले. कारण आपण ही गोष्ट शेवटाकडून सांगतो: मासे आले, म्हणजे बंदी बरोबर. पण पहिली काही वर्षं संख्या फारशी हललीच नव्हती. हा मासा वयात यायलाच चार ते आठ वर्षं घेतो. त्या मधल्या वर्षांत रिकाम्या हाताने बसलेल्या माणसाकडे कसलाच पुरावा नव्हता. तो बरोबर वागत होता की नुसता जुगार खेळत होता?

मला वाटतं, तो तेव्हाही बरोबर होता. थांबणं चुकलं तर उद्या पुन्हा गळ टाकता येतो. पकडणं चुकलं तर तसं नाही: कॅरिबियनमधल्या अशा कितीतरी जागा एकदा रिकाम्या झाल्या त्या झाल्याच. दोन चुका सारख्या नसतात. जी दुरुस्त होत नाही ती आधी टाळावी. मासे आले नसते तरी हे खरंच राहिलं असतं.

मोठ्या ऐटीत मी हे काकांना ऐकवलं. जाळं शिवता शिवता ते म्हणाले, "अगं, मासा परत येईल. माझा गेलेला हंगाम कुठे परत येतो?"

हे मला सुचलंच नव्हतं. बोटीच्या कर्जाचा हप्ता, मुलीची फी, चाळिशीतली आठ वर्षं, हीसुद्धा दुरुस्त न होणारीच. केमनमध्ये आता डिसेंबर ते एप्रिल हा मासा पकडायला बंदी आहे, एरवी बोटीमागे दिवसाला पाच. खूप मोठे मासेही सोडून द्यायचे, कारण अंडी तेच जास्त घालतात. नियम शहाणा आहे. पण त्याची किंमत कोण मोजतं, हे त्यात लिहिलेलं नाही.

आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. काकांची होडी तेव्हा झापांखाली असते. मी मुंबईत त्याच दोन महिन्यांत बर्फातली सुरमई आणते, आणि महाग झाली म्हणून कुरकुरते.